अंघोळीच्या पाण्यासाठी हायड्रोजन नको

'जळल्यावर फक्त पाणी उरतं' हे हायड्रोजनबद्दलचं वाक्य ऐकायला फार गोड आहे. पण घरात पाणी तापवण्यासाठी तो वापरायची कल्पना मला अजिबात पटत नाही, आणि त्याचं पहिलं कारण साधा हिशोब आहे.

100 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायला साधारण 3 युनिट उष्णता लागते. विजेचा गिझर जवळपास तेवढीच वीज घेतो, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) युनिटभरात भागवतो. त्याच विजेने आधी हायड्रोजन बनवा, दाबाखाली भरा, पाइपने घरी आणा आणि मग जाळा, की साडेचार-पाच युनिट गेलीच. गच्चीवर सोलर असेल तर बोलायलाच नको.

ब्रिटनमध्ये हे घरोघरी करून बघायचं ठरलं होतं. एल्समेअर पोर्टजवळच्या व्हिटबीतला प्रयोग लोकांच्या विरोधामुळे जुलै 2023 मध्ये गुंडाळला. त्याच डिसेंबरात ईशान्य इंग्लंडमधल्या रेडकार गावातलाही, कारण तिथे पुरेसा हायड्रोजनच मिळेना! व्हिटबीकरांची भीती मला रास्त वाटते. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असेल तरच पेटतो. हायड्रोजन 4 पासून थेट 75 टक्क्यांपर्यंत. ठिणगी अगदी क्षीण पुरते, आणि दिवसाउजेडी ज्योत जवळपास दिसत नाही. तो हलका असल्याने वर निघून जातो हे खरं, एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही. पण खिडकी लावलेल्या बाथरूममध्ये वर म्हणजे छतच ना?

हायड्रोजनचा एक गुण मात्र मोठा आहे. त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होत नाही. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं गेली आहेत, तरुण, धडधाकट माणसं. त्यावरचा इलाज आजच हातात आहे: गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. कृपया हे पुढे ढकलू नका.

सुरतजवळ कवासला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळून पाहिलाय, 8 टक्क्यांपर्यंत. आकारमानाने 8, ऊर्जेच्या हिशोबात जेमतेम अडीच.

हा महागामोलाचा वायू जिथे दुसरा पर्यायच नाही तिथे आधी द्या. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या खत कारखान्यात युरियासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनशिवाय होत नाही, आणि तो हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. ग्रीन हायड्रोजनची, म्हणजे सौर-पवन विजेने पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनची, पहिली पाइपलाइन तिथे जायला हवी.