डोळ्याबद्दल डोळा : हिशोब कसा मांडायचे

ज्यूंच्या धर्मग्रंथातलं, तोरातलं, ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ एवढं एक वाक्य उचलून प्राचीन ज्यूंना रानटी ठरवणाऱ्या पोस्टी अधूनमधून फिरतात. खाली कोणीतरी शहाणपणाने उत्तर देतं की नंतरच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, शब्द पिळून त्याचा अर्थ ‘नुकसानभरपाई’ असा केला. मला हे उत्तर जास्त खटकतं. हवा तसा अर्थ काढायची मोकळीक त्या परंपरेत कोणालाच नव्हती.

आधी तो हिशोब बघा. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे रब्बींच्या कायदेसंग्रहात, ‘बाबा कम्मा’ या नुकसानीवरच्या भागाच्या आठव्या अध्यायात, इजा करणाऱ्यावर 5 बाबी लागू होतात: नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेलं काम आणि अपमान. नुकसान काढायचं ते असं: तो माणूस बाजारात गुलाम म्हणून विकला असता तर इजेआधी किती किंमत आली असती आणि आता किती येईल, त्यातला फरक. जखमेमुळेच फोड उठले तर त्यांच्या उपचाराचा खर्चही द्यायचा, दुसऱ्या कारणाने उठले तर नाही. बुडालेली मजुरी त्याच्या मूळ कामाच्या दराने नाही, तर काकडीच्या मळ्यावर बसणाऱ्या राखणदाराच्या दराने, कारण गेलेल्या हाताची किंमत पहिल्या बाबीतच चुकती झाली. तीच दोनदा कशी घेणार? छपरावरून पडून कोणाला लागलं तर पडणाऱ्याने नुकसान भरायचं, अपमानाचे पैसे नाही. अपमानाला हेतू लागतो.

पण हे मूळ वचनातून निघतं कसं? तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, एकामागून एक पुरावे मांडतो आणि त्यातले बरेचसे स्वतःच खोडून काढतो. तोराच्या ‘गणना’ या पुस्तकातलं वचन 35:31 म्हणतं, खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका. म्हणजे जीव सोडून अवयवांबद्दल घेता येते. आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचं काय काढणार? आणि डोळा काढताना माणूस दगावला तर डोळ्याबद्दल डोळा आणि वर जीवही गेला, तसं तर वचनात लिहिलेलं नाही.

आता वचनांचा अर्थ लावायचे नियम. हिल्लेल या विद्वानाच्या नावावर 7 नियम सांगितले जातात, रब्बी इश्माएलच्या नावावर 13. ते 13 आजही सकाळच्या प्रार्थनेत म्हटले जातात. त्यातला पहिला ‘कल वाहोमेर’, म्हणजे आपला कैमुतिकन्याय: हलक्या बाबतीत कडक, तर जड बाबतीत कितीतरी जास्त. मला मात्र नियमांपेक्षा त्यांना घातलेला लगाम महत्त्वाचा वाटतो.

उदाहरण बैलाचं. जनावराने सार्वजनिक जागेत कोणाचं काही खाल्लं किंवा तुडवलं तर मालक काही देणं लागत नाही. तेच दुसऱ्याच्या आवारात घडलं तर पूर्ण भरपाई. आधी कधी न मारलेल्या बैलाने शिंग मारलं तर सार्वजनिक जागेतही अर्धी भरपाई. मग दुसऱ्याच्या आवारात मारलं तर? रब्बी तार्फोन म्हणाला, अर्थातच पूर्ण. तर्क बिनचूक होता. बाकीचे विद्वान म्हणाले, ‘दायो’, पुरे: जिथून निष्कर्ष काढला तिथे अर्धी आहे, तर निष्कर्षही अर्ध्याच्या वर जाणार नाही. तार्फोनने तोच युक्तिवाद दुसऱ्या बाजूने मांडून पाहिला. तरीही उत्तर तेच, दायो.

दुसरा नियम ‘गझेरा शावा’: दोन वचनांत तोच शब्द आला तर एकीचा कायदा दुसरीला लावायचा. मोकाट सोडला तर याने काहीही सिद्ध करता येईल, कारण साधे शब्द शेकडो ठिकाणी येतात. म्हणून अट घातली की ही तुलना कोणी आपल्या मनाने करायची नाही, ती गुरूकडूनच मिळालेली हवी. वल्हांडण सणाचा बळी शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी कापावा की नाही, या वादात हिल्लेलने नेमका हाच नियम वापरला. रोजच्या बळीबद्दल ‘नेमलेल्या वेळी’ असं म्हटलंय आणि वल्हांडणाबद्दलही. रोजचा बळी शब्बाथलाही होतो, म्हणून हाही. जेरुसलेमच्या तालमूदानुसार (तालमूद दोन आहेत, त्यातला हा एक) हिल्लेल दिवसभर युक्तिवाद करत राहिला आणि त्याचा एकही मान्य झाला नाही. ‘हे मी शेमाया आणि अवटालियोनकडून ऐकलंय’ असं आपल्या गुरूंचं नाव घेऊन म्हटल्यावरच समोरच्यांनी मानलं.

मृत समुद्राकाठच्या कुमरानला 1947 साली सापडलेल्या, एका वेगळ्या ज्यू पंथाच्या गुंडाळ्यांतलं हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकावरचं भाष्य वाचलं की फरक कळतो. वचन, मग ‘याचा अर्थ असा’, मग थेट निकाल: वचनातले खास्दी (बाबिलोनी लोक) म्हणजे ‘कित्तीम’, आणि कित्तीम म्हणजे रोमन, असं बहुतेक अभ्यासक मानतात. प्रश्न नाही, प्रतिवाद नाही, कारण सगळी रहस्यं देवाने त्या पंथाच्या ‘नीतिमत्तेच्या गुरू’ला सांगून ठेवलेली. तेही ज्यूच आणि तेही प्राचीनच. तेव्हा ‘प्राचीन ज्यू असा अर्थ लावायचे’ असं सरसकट कोणी लिहिलं की आधी विचारावं, कोणते?

आणि डोळ्याबद्दल: सगळे एकमताने पैशांवर आले असंही समजू नका. तालमूदातल्या त्याच चर्चेत रब्बी एलिएझरचं मत नोंदलंय, ‘डोळा म्हणजे खराच डोळा’. ते गाळलेलं नाही. शेवटी राव आशी हा नंतरचा विद्वान त्याचा अर्थ लावतो की एलिएझरला भरपाईच म्हणायची होती, फक्त किंमत फोडणाऱ्याच्या डोळ्याची धरायची, गमावणाऱ्याच्या नाही. हे स्पष्टीकरण मला जरा ओढूनताणून वाटतं.