कॅट कापून पाईप टाकायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सात-आठ गिऱ्हाइकांनी मोबाईल पुढे करून दाखवला. मजकूर थोडक्यात असा: चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०४२० कोड आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्ट पाईपमधला डबा) गेला. नव्यावर पैसे घालवू नका. आधी पेट्रोलच्या टाकीत थिनर ओता, नाही जमलं तर कॅट कापून सरळ पाईप टाका. गॅरेजवाले फुकटात करून देतात, अ‍ॅव्हरेज वाढतं आणि पीयूसीही मिळते. मी गॅरेज चालवतो. असं करून बिघडलेल्या गाड्या शेवटी लिफ्टवर येतात, त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

आधी कोडचं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि मागे एक. पुढच्याचं रीडिंग सारखं वर-खाली होतं. कॅट धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, म्हणून मागच्याचं रीडिंग जवळपास स्थिर राहतं. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पी०४२० टाकतो. कॅट कमी पडतोय अशी ती शंका आहे. एक्झॉस्टची गॅस्केट फुंकत असेल, पाईपला बारीक भोक असेल, मागचा सेन्सर बिघडला असेल किंवा त्याची वायर गरम पाईपला टेकून वितळली असेल, तरी तोच कोड येऊ शकतो. सकाळी थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डपाशी (इंजिनमधून धूर बाहेर पडतो त्या नळ्यांपाशी) कान द्या. फट-फट आवाज आला तर आधी ती गळती काढा. त्यानंतर स्कॅनरवर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं), फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते) आणि दोन्ही सेन्सरांचे ग्राफ बघायचे.

गाडी चढाला ओढत नसेल तर कॅट चोक झालाय का हे मोजून कळतं. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला साधारण ३ पीएसआयच्या वर काटा गेला तर पुढे वाट तुंबली आहे. रबरी हातोडीने कॅट हलकेच ठोकल्यावर आत खुळखुळलं तर कॅटच्या आतली सिरॅमिकची जाळी फुटली आहे. इतक्या गोष्टी तासाभरात होतात, आणि त्या न करता कॅटवर बोट ठेवणं मला पटत नाही.

गेल्या वर्षी एक दहा वर्षांची हॅचबॅक आली होती. मालकांनी दुसरीकडे नवा कॅट बसवला होता आणि सहा महिन्यांत तोच दिवा पुन्हा लागला. सेन्सरच्या भोकातून कॅमेरा घातला, तर जाळीची एक बाजू वितळून पाक थिजावा तशी काचेसारखी झालेली. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) अधूनमधून मिसिंग मारत होती. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटत होतं. ही सिरॅमिक जाळी वितळायला १४०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, यावरून आत काय चाललं असेल ते समजा. त्या मालकांना कॉइल आधी बदलून मिळाली असती तर दुसऱ्या कॅटचा खर्च वाचला असता. इंजिन ऑईल पीत असेल तर त्यातला फॉस्फरस जाळीवर बसतो, आणि हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तर त्याचाही थर चढतो. आधी हे शोधायचं, मग नव्या कॅटचं बोलायचं.

थिनरबद्दल: टाकीत ओतलेलं थिनर पेट्रोलबरोबर सिलिंडरमध्येच जळून जातं, जाळी धुवायला ते थिनर म्हणून पोचतच नाही. वितळलेली जाळी किंवा फॉस्फरसचा थर त्याने निघत नाही. मात्र वाटेतले पेट्रोल पंपाचे आणि इंजेक्टरचे रबर-सील त्याने फुगू शकतात.

पाईप टाकल्यावर पिकअप वाढल्यासारखा वाटतो, हे तुंबलेल्या कॅटच्या तुलनेत. चांगला कॅट असलेल्या गाडीत अ‍ॅव्हरेजचा म्हणण्यासारखा फरक पडत नाही. शिवाय दिवा कायमचा लागून राहतो, आणि उद्या खरोखर कॉइल गेली तरी तुम्हाला ते कळणार नाही.

‘फुकटात’ हा शब्द मला सगळ्यात जास्त टोचतो. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि सोन्यापेक्षाही महाग असलेल्या रोडियमचा पातळ थर असतो. कापलेला कॅट गॅरेजात राहतो आणि भंगारात चांगल्या भावाने जातो. मजुरी तिथूनच वसूल होते, म्हणजे किंमत तुम्हीच मोजलेली असते.

राहिली पीयूसी. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू मोजलेच जात नाहीत. म्हणून पावती हातात आली तरी धूर स्वच्छ ठरत नाही. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशाने कॅट मरतो. सिग्नलला आपल्या मागे बाईकवर बसलेली पोरं आपल्या पाईपातलंच श्वासात घेतात. कायद्यातही प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवली तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

सगळं तपासून कॅटच गेल्याचं निघालं, तर आपल्या मॉडेलचा आणि आपल्या बीएस नॉर्मचाच (गाडीला लागू असलेल्या प्रदूषण मानकाचा, जसं बीएस४ किंवा बीएस६) घ्या. गॅस्केट नवी घाला, जुनी परत लावू देऊ नका. सेन्सर काढण्याआधी आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं, जोर लावला तर आटे जातात. काम झाल्यावर कोड पुसून दोन-तीन दिवस शहरात आणि हायवेवर गाडी फिरवा, मग स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेघ सरळ चालतेय का ते स्वतः उभं राहून बघा. आणि जुना कॅट मागून घ्या. तो तुमचा आहे.