औषध कुठे आहे?

गेल्या महिन्यात दादाने रावेरहून मला एका चर्चेची चित्रफीत पाठवली. हरण्या या विषाणूजन्य रोगामुळे उपटून टाकाव्या लागलेल्या केळीबागांविषयीची ती चर्चा होती. तिच्यात एका वक्त्याने टाळ्या घेत असे विचारले की, विषाणूंवर इतकी वर्षे संशोधन चालले आहे, त्यावर सरकारचा पैसा खर्च होतो, इथली हुशार मुले त्यासाठी परदेशात जाऊन स्थायिक होतात, मग शेतकऱ्याला हवे असलेले औषध कुठे आहे? चित्रफितीखाली दादाने स्वतःचे एक अक्षरही लिहिले नव्हते. मी चोवीस वर्षे नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला राहून विषाणूंचा आरएनए, म्हणजे त्यांची जनुकीय माहिती वाहणारा रेणू, वनस्पतीच्या एका पेशीतून दुसऱ्या पेशीत कसा जातो याचाच अभ्यास करत आले आहे, तेव्हा तो प्रश्न कुणाला उद्देशून आला होता हे मला कळले.

माझा पहिला राग 'औषध' या शब्दावर आहे. आपल्याकडे बुरशीवर मारायचे तेही औषध आणि माव्यासारखी रस शोषणारी कीड मारायचे तेही औषध, म्हणून विषाणूवरही कुठेतरी एक बाटली असणारच, असे गृहीत धरले जाते. विषाणूला स्वतःचा श्वास नाही, स्वतःचे पचन नाही. तो झाडाच्याच यंत्रणेवर जगतो, आणि म्हणून त्याला विष द्यायचे तर ते झाडालाच द्यावे लागेल. हरण्याला कारणीभूत असलेला कुकुंबर मोझॅक विषाणू मावा पसरवतो, पण मावा नुसती सोंड टेकवून पानाची चव घेतो तेवढ्या काही सेकंदांत विषाणू त्याच्या सोंडेला चिकटतो आणि पुढच्या पानाची चव घेताना तितक्याच वेळात तिथे उतरतो. फवारलेल्या कीटकनाशकाने तो मावा मरेपर्यंत रोग पोचवून झालेला असतो. रोगट झाड दिसताच मुळासकट काढा, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नका, बांधावरचे तण ठेवू नका, तपासलेलीच रोपे लावा, हा सल्ला कुणाला टाळ्या मिळवून देत नाही; परंतु तो खरा आहे, आणि जो बाटली दाखवतो तो फसवतो आहे.

इथे मी सायकलने ऱ्हाइनच्या काठाने आमेरोंगेनकडे निघाले की तंबाखू सुकवण्याची जुनी लाकडी कोठारे लागतात. या भागातल्या तंबाखू उत्पादकांनी १८७९ मध्ये वाखेनिंगेनच्या प्रयोग केंद्राकडे तंबाखूवरच्या एका रोगाविषयी नेमका हाच प्रश्न नेला होता. त्या केंद्रातल्या अडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये त्या रोगाला मोझॅक हे नाव दिले आणि रोगट पानाचा रस टोचल्यास निरोगी झाड आजारी पडते हे दाखवले, पण कारण मात्र जिवाणू असावे असे त्यांना वाटत राहिले. जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतून पार होणारे आणि जिवंत पेशीतच वाढणारे ते काहीतरी निराळेच आहे, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी डेल्फ्टमध्ये १८९८ साली मांडले. त्या विषाणूचे स्फटिक १९३५ मध्ये मिळाले, आणि रोग घडवायला त्यातला एकटा आरएनए पुरतो हे सिद्ध व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. आमेरोंगेनच्या शेतकऱ्याला औषध मिळाले नाही. तरीही मायर यांनी ती सात वर्षे वाया घालवली, असे मी या देशात कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

माझे काम याच साखळीतले आहे. वनस्पतीच्या पेशीभोवती भक्कम भिंत असते आणि त्या भिंतींतून शेजारच्या पेशीकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, ज्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. एरवी पानातल्या या नळ्यांतून सुमारे ८०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) लहान रेणू सहज जातात. तंबाखू मोझॅक विषाणूचा आरएनए मात्र वीस लाख डाल्टनचा असतो. तो जातो कसा? विषाणू यासाठी एक खास प्रथिन तयार करतो. १९८७ मध्ये तंबाखूच्या झाडात फक्त या प्रथिनाचे जनुक घातल्यावर, पसरण्याची क्षमता गमावलेला विषाणूही त्या झाडात पसरू लागला. ते प्रथिन असलेल्या झाडांत या नळ्या एरवीच्या दहापटींहून मोठे रेणू पलीकडे जाऊ देतात हे १९८९ मध्ये दिसले, आणि पुढच्या वर्षी ते प्रथिन आरएनएला घट्ट धरते हेही कळले. पुढे असे लक्षात आले की झाडे स्वतःचीही काही प्रथिने आणि आरएनए याच वाटांनी आणि रसवाहिन्यांतून दूरवर पाठवतात. म्हणजे विषाणूने वाट खणलेली नाही. झाडाच्या घरातली वाट त्याने ओळखली आहे. अंधाऱ्या खोलीत, पानाच्या एका कोपऱ्यातून, चमकण्याची खूण जोडलेल्या विषाणूचा हिरवा प्रकाश पेशीपेशीने सरकताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला जे वाटले ते कुणाच्याही प्रश्नाने कमी होणार नाही.

आणि उपयोगच विचारायचा असेल तर तोही सांगते. झाड विषाणूचा आरएनए कापून त्याचे बारीक तुकडे करते आणि पुढच्या पानांना सावध करणारा संदेश रसवाहिन्यांतून पाठवते. हा बचाव निकामी करणाऱ्या विषाणूंच्या प्रथिनांपैकी सर्वांत आधी ओळखल्या गेलेल्यांत कुकुंबर मोझॅक विषाणूचे २बी हे प्रथिन आहे. ज्याने दादाची बाग उपटायला लावली, त्याच विषाणूने आम्हाला हे शिकवले. टोमॅटोतले टीएम-२² हे प्रतिकारक जनुक विषाणूचे तेच वाट करून देणारे प्रथिन ओळखून झाडाला वाचवते. २०१९ मध्ये इथल्या काचघरांत टोमॅटो ब्राऊन रुगोज विषाणू शिरला, तो त्या प्रथिनात बदल करून हाच पहारा चुकवणारा होता. पहारा नेमका कुठे चुकला हे शोधता आले, कारण कुणीतरी आधी तीस वर्षे 'निरुपयोगी' प्रश्न विचारत बसले होते.

याउलट २०२० च्या उन्हाळ्यात आपल्याकडे टोमॅटोची फळे तिरंगी पडू लागली, तेव्हा काय झाले ते आठवावे. बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले आणि त्यांत हाच कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. पण तोपर्यंत हा विषाणू माणसाला होईल अशी भीती पसरवून झाली होती आणि शेतकऱ्याचा माल पडून राहिला होता. वनस्पतींचे विषाणू आपण रोज भाजीबरोबर खातो आणि त्यांनी आपल्याला रोग होत नाही. हे एक वाक्य सांगायला मूलभूत अभ्यास केलेली माणसेच लागतात.

औषध मागणाऱ्या मंडळींतलेच काही जण, जनुकबदलाचा उपाय समोर आला की 'युरोपात हे चालत नाही' असे म्हणतात, तेव्हा माझा संयम सुटतो. हवाईमध्ये पपईच्या बागा रिंगस्पॉट विषाणूने संपत आल्या असताना, विषाणूच्याच एका जनुकाचा तुकडा घातलेली रेनबो ही जात १९९८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली आणि तिथली पपई टिकली. तोच रोग आपल्या पपईवरही आहे. युरोपात त्या पपईला परवानगी नाही हे खरे आहे, पण युरोपात पपईवर पोट असलेली गावे फारशी नाहीत, हे त्या वाक्यात कुणी जोडत नाही.

इतके सगळे मी दादाला लिहिले आणि पाठवले नाही. ते लिहिताना मी नेदरलँड्सची बाजू जितक्या उत्साहाने मांडत होते, तितक्या उत्साहाने मी गावाविषयी कधी काही लिहिलेले नाही, हे माझ्या लक्षात आले. आमच्याच परिसरात एका काचघरात केळी आहेत, बुरशीच्या संशोधनासाठी लावलेल्या. माझा तिथे काही संबंध नसताना मी हिवाळ्यात तिथे जाऊन उभी राहते, कारण ओल्या केळीपानाचा वास दुसरीकडे कुठे मिळत नाही. मी इथे 'भारतातून आलेली' आहे आणि रावेरला 'बाहेरून आलेली' आहे.

मागच्या भेटीत दादाने मला बागेत नेले होते. पिवळे पट्टे पडलेले पान मी लांबूनच ओळखले, आणि त्याने ते माझ्या आधीच ओळखले होते. त्याने शांतपणे विचारले, "आज मावा बसला, तर वरच्या कोवळ्या पोंग्यापर्यंत पोचायला या रोगाला किती दिवस लागतात? तेवढ्या दिवसांत काढता आले पाहिजे ना." माझ्या प्रयोगातल्या तंबाखूत मी ते तासांच्या हिशेबाने सांगू शकते. केळीत मी ते कधी मोजलेच नव्हते. मी तसे सांगितले, आणि तो विळा घेऊन पुढच्या ओळीकडे गेला.