प्रौढ दत्तक नोटरीच्या कागदाने होत नाही, आणि एकदा झाला तर मोडत नाही

मूलबाळ नसलेल्या किंवा मुले दूर गेलेल्या वृद्धांसाठी एक सल्ला मोबाईलवरून हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: भारतात कोणत्याही सज्ञान माणसाला, त्याची स्वतःची संमती असली की, दत्तक घेता येते, स्टॅम्पपेपरवर मजकूर लिहून नोटरी केली की काम झाले, दत्तकाला जन्मघरचा वाटाही राहतो आणि दत्तकघरचाही मिळतो, आणि त्याने सांभाळले नाही तर दत्तक रद्द करून मोकळे होता येते. यातील पहिल्या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि पुढची सर्व वाक्ये चुकीची आहेत. हा सल्ला ज्यांना पटतो ती बहुधा एकटी, थकलेली आणि नावावर घर किंवा शेती असलेली माणसे असतात. त्यांचे नुकसान न भरून येणारे असते, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

प्रथम त्या अर्ध्या सत्याविषयी. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू असून त्याचे कलम 10 सांगते की दत्तक जाणारी व्यक्ती अविवाहित आणि पंधरा वर्षे पूर्ण न केलेली असावी. मात्र त्याच कलमात, पक्षकारांना लागू असलेली रूढी तशी परवानगी देत असेल तर विवाहिताला किंवा पंधरा वर्षांवरील व्यक्तीलाही दत्तक देता येते, असा अपवाद आहे. हा अपवाद महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण प्रौढ दत्तकाची रूढी इथे जुनी आणि प्रतिष्ठित आहे. सतराव्या शतकातील नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रावरील ग्रंथात विवाहित आणि पुत्रवान पुरुषही दत्तक जाऊ शकतो, असे मत नोंदलेले आहे. नीलकंठभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे आणि पुढे काशीत स्थिरावलेले. शिवराज्याभिषेकासाठी आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हा ग्रंथ प्रमाण मानला, आणि कोणत्याही वयाचा पुरुष दत्तक जाऊ शकतो हा नियम इथे रुजला. न्यायालयांनी वारंवार मान्य केलेली रूढी प्रत्येक दाव्यात नव्याने सिद्ध करावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये याच रूढीच्या संदर्भात स्पष्ट केले. त्यामुळे ‘पंधरा वर्षांनंतरचे प्रत्येक दत्तविधान बेकायदा’ असे काही जण छातीठोकपणे सांगतात, तेही महाराष्ट्रापुरते चूक आहे.

पण ‘भारतात कोणत्याही सज्ञान माणसाला’ हे शब्द टिकत नाहीत. जिथे अशी रूढी नाही, तिथे 1956 च्या कायद्याखाली प्रौढ दत्तक अवैध ठरतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी यांना हा कायदा लागूच नाही. त्यांना खुला असलेला 2015 चा बाल न्याय अधिनियम अठरा वर्षांखालील मुलांपुरता आहे. शिवाय इथली रूढी घडली ती पुत्राच्या दत्तकाभोवती. जुन्या शास्त्रात मुलीच्या दत्तकाला सर्वसाधारणपणे मान्यताच नव्हती, आणि म्हणून सज्ञान मुलीला दत्तक घेताना त्या रूढीचा आधार गृहीत धरणे धोक्याचे आहे. माझ्या मते हा आजच्या कायद्यातील उघड अन्याय आहे, पण तो आहे हे सांगितलेच पाहिजे.

दुसरा मुद्दा संमतीचा. दत्तक जाणारा सज्ञान असला तरी तो स्वतःला देऊ शकत नाही. मनुस्मृतीने सांगितलेल्या बारा प्रकारच्या पुत्रांत ‘स्वयंदत्त’ आहे, म्हणजे स्वतःहून दुसऱ्याचा पुत्र झालेला. आजचा कायदा त्याला ओळखत नाही. कलम 9 प्रमाणे देण्याचा अधिकार वडील, आई किंवा पालक यांनाच आहे, आणि आईवडिलांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीने द्यायचे असते. चाळिशीच्या ज्या पुतण्याचे आईवडील दोघेही वारले आहेत त्याला देणार कोण, हा प्रश्न फिरणाऱ्या मजकुरात कुठेच येत नाही.

घेणाऱ्यावरही बंधने आहेत. मुलगा, नातू किंवा पणतू हयात असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. परदेशी गेलेला मुलगा विचारत नाही म्हणून भाच्याला दत्तक घेऊ पाहणाऱ्या आईवडिलांचे दत्तविधान मुळातच शून्य ठरते. मुलगी हयात असणे मात्र मुलगा दत्तक घेण्याच्या आड येत नाही. पत्नी असेल तर तिची संमती हवी, आणि ती केवळ कार्यक्रमाला हजर होती एवढ्याने संमती सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटले आहे. वयातील अंतराकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या नियमाप्रमाणे दत्तक हा घेणाऱ्यापेक्षा वयाने मोठाही चालत असे. 1956 नंतर स्त्रीने मुलगा किंवा पुरुषाने मुलगी दत्तक घेताना किमान एकवीस वर्षांचे अंतर लागते, आणि या अटीला रूढीचा अपवाद ठेवलेला नाही. पंचावन्न वर्षांच्या विधवेने दिराच्या चाळीस वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, तर रूढी तिला वाचवू शकत नाही.

आता नोटरीविषयी. दत्तक होतो तो प्रत्यक्ष देण्याघेण्याने. कागद हा त्याचा पुरावा आहे. दत्तहोम, म्हणजे दत्तविधानाच्या वेळचा होम, आवश्यक नाही, पण जन्मदात्यांनी द्यावे आणि दत्तक घेणाऱ्यांनी मांडीवर घ्यावे, ही कृती घडलीच पाहिजे. देणारा आणि घेणारा या दोघांच्या सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवले असेल, तर दत्तविधान कायद्याप्रमाणे झाले असे न्यायालय कलम 16 खाली गृहीत धरते, आणि तेही विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. नोटरीच्या शिक्क्याला ते बळ नाही. देण्याघेण्याच्या पुराव्यावर काय काय अवलंबून असते, हे पुण्याच्या ताईमहाराज या विधवेने घेतलेल्या दत्तकाच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे: 1901 मध्ये औरंगाबादला झालेले दत्तविधान खरे की खोटे, हा वाद लोकमान्य टिळकांना प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, न्यावा लागला आणि त्याचा निकाल 1915 मध्ये लागला.

दोन्ही घरचा वाटा मिळतो, हे विधान सर्वांत घातक आहे. कलम 12 प्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराण्याशी असलेले सर्व संबंध तुटतात. राहतो तो फक्त जन्मघरच्या जवळच्या नात्यांतील लग्नसंबंधांचा निषेध आणि त्या दिवसापूर्वी त्याच्याकडे निहित झालेली, म्हणजे कायद्याने त्याच्या मालकीची झालेली, मालमत्ता. पुढे जन्मदात्या वडिलांचे निधन झाले तर तो त्यांचा वारस नसतो. एकत्र कुटुंबातील न वाटलेला हिस्सा आधीच ‘निहित’ मानायचा की नाही, याबद्दल उच्च न्यायालयांचे एकमत नाही, म्हणजे भावाभावांत दावा ठरलेला. विवाहिताच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. पत्नी त्याच्याबरोबर दत्तकघराण्यात जाते, पण दत्तकापूर्वी जन्मलेला मुलगा जन्मघराण्यातच राहतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1909 मध्ये ठरवले. म्हणजे बापाचे घराणे एक आणि त्याच्या सहा वर्षांच्या मुलाचे दुसरे. दत्तक जाण्यास तयार झालेल्या किती तरुणांना हे कोणी आधी सांगते?

दत्तक रद्द करता येतो, या विधानाला कलम 15 चे सरळ उत्तर आहे: वैध दत्तक घेणाऱ्यालाही रद्द करता येत नाही आणि दत्तकालाही तो झिडकारून जन्मघरी परतता येत नाही. ‘सांभाळले नाही तर दत्तक संपुष्टात येईल’ अशी अट दत्तकपत्रात घातली, तरी ती या कलमापुढे टिकणार नाही. दत्तक जाण्याच्या मोबदल्यात पैसे देणे किंवा घेणे हा कलम 17 खाली सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दत्तक घेतल्याने घर आपोआप त्याच्या नावावर होत नाही आणि सातबाराही बदलत नाही. दुसरा करार केलेला नसेल, तर आपल्या मालमत्तेची विक्री, बक्षीस किंवा मृत्युपत्र करण्याचा दत्तक आईवडिलांचा अधिकार कलम 13 ने अबाधित ठेवला आहे.

घराणे चालावे, नाव राहावे, ज्याला लहानपणापासून मुलासारखे वाढवले त्याला मुलाचे स्थान मिळावे, अशी खरी इच्छा असेल तर प्रौढ दत्तक हा महाराष्ट्रात आदरणीय मार्ग आहे आणि तो नीट विचार करून घ्यावा. परंतु चिंता म्हातारपणी आधार मिळण्याची असेल, तर त्यासाठी दोन साध्या वाटा आहेत. दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते. आणि हयातीतच काही द्यायचे असेल, तर आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 वाचून द्यावे. हा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. साठ वर्षांवरील व्यक्तीने सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. त्यासाठी ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढेच लिहिलेल्या बक्षीसपत्रावर या कलमाचा आधार मिळवणे फार कठीण जाते.