मांजराला एमबीए मिळालं, तुम्हाला काय धाड भरलीय?

तुमच्या पदवीला साता समुद्रापार मान मिळावा असं वाटत असेल, तर आधी तिला लॅमिनेशन करून घ्या. निकालाच्या आनंदात घरोघरी हेच करतात. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाच मिनिटांत करून देतो आणि कागद वाळवी, उंदीर, चहाचे डाग यांच्यापासून कायमचा सुरक्षित होतो. शिक्क्यांपासूनही होतो. पुढे ज्या ज्या खिडकीवर तुम्ही उभे राहणार आहात, तिथे या कागदाच्या पाठीवर काहीतरी उमटवायचं किंवा चिकटवायचं असतं, आणि सरकारी शाई प्लास्टिकवर धरत नाही. आमच्या पुतण्याची बीकॉमची पदवी वहिनींनी अशीच जपली होती. त्याचं कॅनडाला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी हेअर ड्रायर लावून प्लास्टिक सोडवलं. प्लास्टिक निघालं, त्याबरोबर कुलगुरूंची सहीही निघाली. दुसरी प्रत काढायची तर पोलिसांत हरवल्याची नोंद लागते. पण पदवी हरवली नव्हती, वहिनींच्या हातातच होती. शेवटी घरात बसून सर्वानुमते ती हरवण्यात आली.

कागद हाती आला असं धरून पुढे जाऊ. तुम्ही म्हणाल, गुणपत्रिका तर सहाच्या सहा सत्रांच्या आहेत. असतील. पण तुमच्या हातातली गुणपत्रिका म्हणजे संशयिताच्या हातातला पुरावा. परदेशाला हवं असतं ट्रान्सक्रिप्ट. म्हणजे तेच गुण, त्याच विद्यापीठाने, पुन्हा एकदा टाइप करून पाकिटात घालायचे आणि पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर शिक्का मारायचा. हे पाकीट घरी न्यायचं तुम्हीच, कुरिअरचे पैसे भरायचे तुम्हीच, फक्त उघडायचं नाही. स्वतःचे गुण बघायचा अधिकार त्या पाकिटापुरता तुम्हाला नाही. हल्ली हे सगळं ऑनलाइनही होतं, पण पुतण्याच्या नशिबी पाकीट होतं. शिवाय त्यात हिशेबशास्त्राचे ६२ गुण २६ टाइप झालेत हे तिकडून उत्तर आल्यावर कळलं. दुरुस्तीच्या अर्जाला काय जोडायचं होतं? मूळ गुणपत्रिका. तीच, जिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

तरी तो सुखी म्हणायचा. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन् महिने रखडले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या वर्षी ज्यांना परदेशी जायचं होतं त्यांना ट्रान्सक्रिप्टची चिंता नव्हती. निकालच नव्हता.

आता नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग तुम्ही, मग वडील, आणि सगळ्यात शेवटी आई. आईचं नाव लावणं ही चांगलीच गोष्ट आहे, त्यावर माझी काही तक्रार नाही. पण तिकडच्या माणसाला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव एवढंच ठाऊक. पुतण्याला आलेलं पहिलं पत्र 'प्रिय मिस्टर सुनंदा' असं सुरू झालं होतं. सुनंदा म्हणजे वहिनी. त्यांनी ते पत्र अभिमानाने चार जणींना दाखवलं, मग चूक कळल्यावर पाचव्या दिवशी फ्रिजवर ठेवून दिलं. विवाहित बायकांना तर यात विशेष सवलत आहे. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. म्हणजे राजपत्र, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि शक्य झाल्यास नवराही सोबत न्या. पुरुषाने लग्न केल्यामुळे त्याच्या बीएस्सीवर संशय आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

कागद तयार झाले की 'वेस' करायची. परदेशी पदव्या तिकडच्या मापाने तोलून देणाऱ्या डब्ल्यू-ई-एस या संस्थेचं नाव कॅनडाला निघालेल्यांच्या तोंडी असंच रुळलंय. 'तुझं वेस झालं का?' असं एकमेकांना विचारतात आणि मला प्रत्येक वेळी गावाची वेस आठवते. पूर्वी परका माणूस वेशीवर आला की पाटील विचारायचे, कुठून आलात, कुणाकडे उतरणार. ही वेस विचारते, किती वर्षं शिकलात? इथे आपली गोची होते. अमेरिकेत शाळेची बारा आणि कॉलेजची चार मिळून सोळा वर्षं होतात. आपली दहा, दोन आणि तीन मिळून पंधराच भरतात. एका वर्षाचं ज्ञान कमी पडलं म्हणून आजवर किती लेखापाल बुडाले माहीत नाही, पण मोजणी मोजणी असते. मग तीन वर्षांची पदवी चार वर्षांसारखी मानायची का, हे ठरवताना तुमच्या संस्थेला नॅकचा, म्हणजे कॉलेजं तपासून दर्जा देणाऱ्या आपल्याकडच्या परिषदेचा, 'ए' दर्जा आहे का हे बघितलं जातं. तुम्ही काय शिकलात यापेक्षा तुमच्या कॉलेजची तपासणी झाली तेव्हा व्हरांडा कसा रंगवला होता, यावर तुमचं सोळावं वर्ष अवलंबून.

म्हणून सल्ला असा की कॉलेज निवडताना ग्रंथालय बघू नका, दर्जा बघा. आणि दर्जा कसा मिळतो याच्या खोलात जाऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह काही जणांना लाचेच्या आरोपाखाली अटक केली. रोकड, सोनं, मोबाइल आणि लॅपटॉप देऊन चांगला दर्जा मिळवायचा, असा आरोप होता. मला त्यातलं लॅपटॉपचं फार आवडलं. शिक्षणाशी संबंध राखला.

जर्मनीला जाणाऱ्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये. नोव्हेंबर २०२२ पासून तिकडे शिकायला जाणाऱ्या बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचा दाखला लागतो, म्हणजे तुमचे कागद खरे आहेत असं सांगणारा कागद, शुल्क १८,००० रुपये. त्यानंतर तुमचे गुण बव्हेरियाच्या सूत्रातून गाळले जातात. पैकीच्या पैकीमधून तुमचे गुण वजा करा, त्याला पैकीच्या पैकी आणि पास यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. ७२ टक्के मिळवणाऱ्या, ४० ला पास होणाऱ्या मुलाला २.४ मिळतात. तिकडे गुण रक्तातल्या साखरेसारखे असतात, जितके कमी तितकं बरं. हे घरी समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. 'बाबा, मला दोन पॉइंट चार पडले' एवढं वाक्य ऐकून बापाचा हात चपलेकडे गेल्याची उदाहरणं घडू शकतात.

एटीकेटीचं काय करायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मोठी मायाळू सोय आहे ही, नापास झालेल्याला पुढच्या वर्गात बसवून घेण्याची. तिचं जर्मन भाषांतर करू जाऊ नका. तिकडे पत्रात 'टर्म राखण्याची परवानगी' असं लिहिलंत तर ते ही एखादी शिष्यवृत्ती समजतील. समजू द्या.

मग अपोस्टिल. नाव भारदस्त आहे, पण काम आहे एक चौकोनी स्टिकर चिकटवण्याचं. हेगला ५ ऑक्टोबर १९६१ रोजी यावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आधी राज्य सरकारचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. दुबईला जाणाऱ्या रत्नागिरीच्या पोरांना एवढ्यावर भागत नाही, त्यांना वकिलातीचाही लागतो. आता गंमत बघा. अपोस्टिल म्हणतं की राज्याच्या अधिकाऱ्याची सही खरी आहे. राज्याचा अधिकारी म्हणतो की विद्यापीठाची सही खरी आहे. विद्यापीठाचा बाबू म्हणतो की रजिस्टरमध्ये नोंद आहे. मजकूर खरा की खोटा, याच्याशी अपोस्टिलचा काही संबंध नसतो, ते फक्त सही, हुद्दा आणि शिक्का यांची ग्वाही देतं. एवढ्या मोठ्या साखळीत मुलाला ताळेबंद मांडता येतो का, हे विचारायला एकही माणूस नेमलेला नाही. नेमला तर साखळी तुटेल म्हणून नसावा.

हे सगळं दमवणारं वाटत असेल तर सोपा मार्ग आहे. कोल्बी नोलनचं चरित्र वाचा. कोल्बी पेनसिल्व्हेनियात राहायचा. २००४ साली त्याने टेक्सासमधल्या ट्रिनिटी सदर्न युनिव्हर्सिटीकडे व्यवसाय व्यवस्थापनाच्या २९९ डॉलरच्या पदवीसाठी अर्ज केला. अर्जात मुलं सांभाळणं, पेपर टाकणं असा अनुभव लिहिला होता. विद्यापीठाने अनुभव पाहून कळवलं, तुम्ही तर एमबीएच्या योग्यतेचे आहात, फक्त शंभर डॉलर आणखी द्या. ट्रान्सक्रिप्टवर त्याला ३.५ ग्रेड पॉइंट पडले होते. त्याचं पाकीट कुणी वाटेत उघडलं नाही, त्याच्या आईचं नाव कुणी आडनाव समजलं नाही. कोल्बी हे तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयातल्या एकाचं पाळीव मांजर होतं आणि अर्ज हा सापळा होता. पुढे खटला झाला. पण ३.५ ते ३.५. आमच्या पुतण्याचे तेवढे भरत नाहीत.

त्याहून मोठं काही करायचं असेल तर विद्यापीठ काढण्याच्या फंदात पडू नका, विद्यापीठांना मान्यता देणारी संस्था काढा. कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीला हे कळलं होतं. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिचं बिंग फोडलं तेव्हा कोलंबियाना, बार्कली अशी शेकडो शाळा-विद्यापीठं संकेतस्थळांवर उभी होती, हसरे प्राध्यापक भाड्याने आणलेले होते आणि त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थाही घरच्याच होत्या. घरचं लग्न, घरचाच भटजी. आपणही मागे नाही. यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नागपूरचं एक नाव इतकी वर्षं टिकून आहे की खऱ्या विद्यापीठांनी सातत्य शिकावं.

मान्यता बघूनच प्रवेश घेईन, असं म्हणणारे शहाणे असतातच. त्यांच्यासाठी मिशिगनमधली युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन होती. सरकारी यादीत नाव होतं, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत होतं, लॅटिनमध्ये बोधवाक्यही होतं. नव्हते ते फक्त वर्ग आणि शिक्षक. ते विद्यापीठ अमेरिकी सरकारच्या इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून काढलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये धरपकड झाली, पहिल्या फेरीत अटक झालेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. आपण फक्त कामाच्या परवान्यासाठी नाव घातलंय हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल, मी त्यांना भोळे म्हणत नाही. पण खोटं विद्यापीठ ओळखण्याची जी खूण म्हणून सगळे सांगतात, ती मान्यता खुद्द सरकारने खोट्याला मिळवून दिली. आता कुठली खूण सांगायची, मला सुचत नाही.

शिकून परत यायचं असेल तर आपली वेस वेगळी आहे. इंग्लंडमधली एका वर्षाची मास्टर्स पदवी इकडे दोन वर्षांच्या एमएच्या तोलाची नाही, असं आपण कित्येक वर्षं म्हणत होतो. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या साच्यावर मुंबई विद्यापीठ उभं राहिलं, आणि तुमच्या पदव्या आम्ही मानू, आमच्या तुम्ही माना, असा करार दोन देशांनी केला जुलै २०२२ मध्ये. १६५ वर्षांत ओळख पटली म्हणायची. त्यातही वैद्यक, कायदा, वास्तुकला वगैरे वगळूनच. बाहेरून डॉक्टर होऊन आलात तर ३०० गुणांची परीक्षा द्या, १५० मिळवा. मला खरं सांगायचं तर ही एक परीक्षा पटते. निदान तिथे प्रश्न विचारतात, शिक्का नाही मागत.

यावर कुणी आनंदीबाईंचा दाखला देईल. मॅट्रिकचं प्रमाणपत्र नसलेली मुलगी १८८३ साली फिलाडेल्फियाला गेली, माझं शिक्षण तुमच्या नियमात बसत नसेल तरी माझा निर्धार बघा अशा अर्थाचं पत्र कॉलेजला लिहिलं, आणि त्यांनी घेतलं. १८८६ साली एमडी झाली. कोल्हापूर संस्थानाने दवाखान्यातल्या स्त्रीविभागावर नेमणूक केली, समकक्षतेचा दाखला मागितला नाही. तुम्ही असलं पत्र लिहू नका. 'निर्धार' हा रकाना पोर्टलवर नाही.

पुतण्याचं सांगायचं राहिलं. त्याचा वेसचा मूल्यमापन अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, 'बॅचलर्स डिग्री, तीन वर्षांची'. हे त्याला आधी माहीत होतं. कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी हा अहवाल पाच वर्षं चालतो. पदवी जन्मभराची, ती खरी असल्याचा दाखला पाच वर्षांचा, पुढे बहुधा नासतो. तो टोरांटोला पोहोचला, एका गोदामाच्या हिशेब खात्यात मुलाखतीला गेला. समोरच्या बाईने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि म्हणाली, या दोन खात्यांचा मेळ बसत नाहीये, बघ. त्याने वीस मिनिटांत बसवला. सोमवारपासून ये म्हणाली. फाइल त्याच्या मांडीवर तशीच होती.

वहिनींना ही बातमी फोनवर कळली तेव्हा त्या आधी रडल्या, मग रागावल्या. एवढे शिक्के आणले, कुणी बघितलेच नाहीत? महिनाभर त्यांनी तगादा लावला, तेव्हा त्याने अहवालाची एक प्रत घरी पाठवली. परवा गेलो होतो तर शोकेसमध्ये ठेवलेली दिसली, लॅमिनेट केलेली.