काकूंची साथ

बाबांच्या मिरजेच्या तंबोऱ्याला मी पितळेची चकती चिकटवली, तेव्हा बाबा बाहेर गेले होते. असली कामं वडील घरात असताना करायची नसतात.

चकती म्हणजे पिझो. 27 मिलिमीटरची, गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या तुकड्याची चुलत बहीण. दाबली की वीज, हादरली की वीज. क्युरी बंधूंनी 1880 मध्ये हा गुण शोधला. सोलापुरात त्याचे काय हाल होतील, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

चकतीची वायर सिंथेसायझरला जोडली, तार छेडली. स्पीकरमधून डबीत कोंडलेला डास ओरडला. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की चकतीला पुढे निदान एक मेगाओहमचा रोध लागतो. माझ्या सिंथेसायझरचा होता दहा किलोओहम, त्यामुळे साधारण 800 हर्ट्झच्या खालचं सगळं वाटेतच गळत होतं. तंबोऱ्यातून खर्ज काढला तर उरतं काय? भोपळा. तोही आमच्याच जिल्ह्यातला, पंढरपूरकडचा.

मधे बफर घातला, म्हणजे चकतीला हवा तेवढा रोध दाखवणारं छोटं सर्किट. खर्ज आला, मागोमाग घरातली वीजही आली. 50 हर्ट्झची घरघर, म्हणजे पेटीच्या पांढरी पाचला जराशी चढी. बाबांचा सा काळी एक. दारातूनच म्हणाले, "वाजवायलास का दळायलास?" शिल्डची वायर घातली, अर्थिंग केलं, घरघर निवली.

इथे थांबायला हवं होतं. पण तार छेडली की सिंथेसायझरने ढोल वाजवावा, अशी हाव सुटली. हादरा आला की ठोका सोडणारा ट्रिगर जोडला, तंबोरा भिंतीला टेकवला. बाबांचं बोट इतकं हळुवार, की चकतीला पत्ताच लागेना. संवेदनशीलता वाढवली. ढिप्प! बाबांचा हात अजून मांडीवरच. ढिप्प, ढिप्प!

पिझोला हवेतलं फारसं ऐकू येत नाही, भिंतीतला हादरा मात्र बरोबर कळतो. आणि भिंतीपलीकडे काकू उखळात शेंगांची चटणी कुटत होत्या. मिक्सरमधून काढतात तो भुगा. चटणी तेल सुटेपर्यंत कुटावी लागते. तेवढा वेळ आमच्याकडे ढोल. नशीब, घर पूर्व भागात नाही, नाहीतर यंत्रमागांनी रात्रभर तांडव मांडलं असतं.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. "लयीला पक्की आहे."

थोड्या वेळाने काकू दारात. "मी कुटायला लागले की तुमच्यात नगारा कोण बडवायलंय रे?"

मी ओशाळून चकती दाखवली. त्यांनी ती निरखली, वाटीभर चटणी टेबलावर ठेवली आणि जाता जाता म्हणाल्या, "उद्या चार किलो कुटायचीय. चालूच ठेव. ठोका असला की हात दुखत नाही."