पाच वाट्यांवरचं विमान

आमच्याकडे आमटीच्या सहा वाट्यांचा सेट आहे. त्यातली सध्या एकच वाटी जेवायच्या टेबलावर येते आणि ती बाबांना मिळते. बाकीच्या पाच माझ्या खुर्चीच्या चाकांखाली आहेत. "वाट्या कुठेत?" या प्रश्नाला मी पहिले दोन दिवस "बघतो" असं उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी केर काढताना आईचा झाडू खण्णकन वाजला.

सगळं सुरू झालं ते खांद्यापासून. दिवाळीला मी स्वतःला एक जॉयस्टिक (विमान वळवायची काठी) आणि एक थ्रॉटल (इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) भेट दिलं. वय सेहेचाळीस, डोळ्यांना चष्मा, पोटाला घेर; एअरफोर्सने आता बोलावणं अवघड होतं, म्हणून कॉम्प्युटरवर विमान चालवायचं ठरवलं. जॉयस्टिक टेबलावर ठेवली. टेबल तीस इंच उंच, त्यावर काठी आणखी आठेक इंच. अर्ध्या तासाच्या उड्डाणानंतर माझा हात पुण्याच्या पीएमटी बसच्या दांड्याला लोंबकळून स्वारगेटपासून हडपसरपर्यंत आल्यासारखा भरून यायचा. शिवाय काठी जोरात ओढली की तळाचे रबरी कप सनमायका सोडायचे आणि अख्खी जॉयस्टिक हातात यायची. दोन हजार फुटांवर हे फार वाईट दिसतं.

खऱ्या एअरबसमध्ये काठी मांडीच्या बाजूला असते. ए-320 हे विमान 1988 सालापासून असंच उडतंय. वैमानिकाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत हातावर (म्हणजे खुर्चीच्या हातावर) टेकलेला असतो, हलतं ते फक्त मनगट. खुर्चीचा तो हात किती वर, किती तिरका, हे दाखवणारी खूणही तिथे असते आणि वैमानिक आपापली खूण लक्षात ठेवतात. हे वाचल्यावर मला एकदम पटलं. दोष माझ्या उड्डाणात नव्हताच. दोष फर्निचरमध्ये होता.

म्हणून काठी खुर्चीला लावायची. उजव्या हाताला काठी, डाव्याला थ्रॉटल. बायकोला मोठ्या उत्साहाने योजना सांगितली. तिने एकच विचारलं, "कॅप्टन कुठल्या बाजूला बसतो?"

"डावीकडे. त्यामुळे त्याची काठी डाव्या हाताला."

"आणि तुझी?"

"उजव्या. ती घडवलीच आहे उजव्या हातासाठी."

"म्हणजे दुसरा जो असतो, त्याची."

"हो. को-पायलटची."

"बरोबर आहे मग," म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

पहिला प्रयोग केबल टायचा. त्याबद्दल न बोललेलं बरं. दुसरा प्रयोग प्लायवुडची फळी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकण्याचा. ही कल्पना खरोखर चांगली होती, फक्त मी आत बसल्यावर फळी बसवायची आणि उठायच्या आधी काढायची, ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणीतरी करावी लागत. लहानपणी चिरंजीवांना खिमट भरवायला आम्ही अशीच खुर्ची आणली होती. ती आठवण त्यानेच काढली.

शेवटी खुर्चीचे मूळ हात काढून त्या भोकांतच लोखंडी पट्टी बसवायचं ठरलं. त्यासाठी थोडे लांब बोल्ट हवेत, एवढंच. रविवार पेठेत बोहरी आळीला गेलो. दुकानदाराने विचारलं, "किती सुती?" मी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी तेवढ्याच अंतराने लहान झालो. मग त्याने अंदाजाने अडीच सुती दिले. घरी येऊन खुर्ची उलटी केली, पाना लावला. दोन आटे लोण्यासारखे आत, तिसऱ्याला गच्च. मी आणखी जोर लावला. हा जोर लावणं हेच माझ्या आयुष्यातल्या बहुतेक नुकसानीचं कारण आहे. दुसऱ्या दिवशी कळलं की खुर्ची आठ एमएमची. अडीच सूत म्हणजे पाच सोळांश इंच, म्हणजे आठ एमएमला केसभर कमी. जाडी जुळते, पण आट्यांमधलं अंतर जुळत नाही. एखादी स्थळं पत्रिकेत जुळतात आणि तिसऱ्या भेटीत अडकतात, तसं. एका भोकाचे आटे मी तोवर खाल्लेच होते.

आता फॅब्रिकेटर. आमच्या सिंहगड रोडला ग्रील आणि गेटं करणारा एक आहे. त्याच्यापुढे खुर्ची ठेवली आणि वहीच्या पानावरचं माझं चित्र दाखवलं. त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब, सलाईनचा स्टँड का?"

"नाही. इथे हाताशी एक दांडा बसवायचाय. हात टेकून धरता आला पाहिजे."

तो गप्प झाला. माझ्या उजव्या हाताकडे बघत हळूच म्हणाला, "घरात कोणाला आहे त्रास?"

खरं सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांच्यासमोर "विमान" हा शब्द माझ्या तोंडून निघेना. "आहे जरा," म्हणालो. त्याने दीड इंची चौकोनी पाइप कापला, सहा एमएमची प्लेट वेल्ड केली, कडा ग्राइंडरने घासून दिल्या ("पेशंटला लागायला नको"), आटे गेलेल्या जागी नवीन नट टाकला आणि ठरल्यापेक्षा शंभर रुपये कमी घेतले. आठवड्याने दिसला तेव्हा विचारलं, "हात हलतो का आता?"

"हलतो ना," मी म्हणालो. "तोच तर त्रास आहे."

कारण लोखंड पक्कं होतं, पण ते ज्याला लावलं ती खुर्ची पक्की नव्हती. अमेरिकेच्या एफ-16 या लढाऊ विमानाची काठी सुरुवातीला मुळीच हलत नसे. हाताचा दाब ओळखून विमान वळे. वैमानिकांना ते चमत्कारिक वाटलं, म्हणून नंतर तिला अगदी किंचित हालचाल दिली. आमच्याकडे नेमकं उलट. काठी दाबली की काठी जागेवर आणि बाकी सगळं हलायचं: पट्टी, बैठक, मी. पायाने रडरचं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं, पेडल दाबलं की पेडल तिथेच आणि मी मागे कपाटापर्यंत. विमानाचं नाक डावीकडे नेताना मी स्वतः उजवीकडे वळायचो आणि धावपट्टी दिसायच्या ऐवजी वाळत घातलेले टॉवेल दिसायचे.

चाकं थांबवायला वाट्या आल्या त्या अशा. प्रत्येक चाक एका वाटीत, वाटीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. सरकणं बंद झालं, फिरणं राहिलं. ते थांबवायला दोन्हीकडून टेबलाच्या पायांना सुतळी बांधली. आई दारात उभी राहून बघत होती. "दावं जरा सैल सोड," म्हणाली, "गळ्याला काचेल."

बाबांना मात्र यात रस वाटला, म्हणून मी त्यांना लिंक ट्रेनरची गोष्ट सांगितली. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने 1929 मध्ये वैमानिकांना जमिनीवरच शिकवायचं यंत्र केलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते घेऊन त्याने खोटं विमान डुलवलं, कलवलं, वळवलं. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यावर शिकले. "म्हणजे बघा," मी म्हणालो, "भात्यावरसुद्धा विमान उडतं." बाबा चाळीस वर्षं हार्मोनियम वाजवतात. ते शांतपणे उठले आणि पेटी आपल्या खोलीत नेऊन आतून कडी लावली.

राहता राहिला खुर्चीचा गॅस सिलिंडर. एवढं लोखंड आणि मी, हे वजन त्याला झेपेना. उड्डाणाच्या सुरुवातीला मी ताठ, उतरायच्या वेळेला टेबलाखाली. विमानाच्या आधी वैमानिक उतरायचा. धावपट्टी अचानक वर येतेय असं वाटून मी काठी ओढायचो आणि विमान उसळायचं. हे आपलं चुकतंय समजून मी दोन आठवडे लँडिंगचे व्हिडिओ बघितले. खरं कारण चिरंजीवांनी पट्टी लावून मोजलं: वीस मिनिटांत चार सेंटिमीटर.

याच खुर्चीवर दिवसा ऑफिस चालतं, हे वेगळंच. मीटिंगमध्ये "तुमच्या हातात काय आहे?" असं विचारल्यावर मी "सवय" असं उत्तर दिलंय.

मागच्या रविवारी मात्र सगळं जमून आलं. सिलिंडरच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवल्यामुळे बैठक खचेना. गोव्यातल्या मोपाहून निघालो, घाट ओलांडला, पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी 10 समोर अगदी सरळ, म्हणजे उतरायचा शेवटचा टप्पा, फायनल. वेग एकशे पस्तीस नॉट, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. मनगट टेकलेलं, खांदा मोकळा. एवढ्यात बेल वाजली. मावशी आणि काका तासभर आधीच आले होते.

"पाय उचल," खालून आवाज आला. आई टेबलाखाली होती.

"आई, पाच मिनिटं. मी फायनलवर आहे."

"आमटी पण फायनलवर आहे. तिकडे कल जरा."

मी कललो. हातही कलला, विमानही कललं. पहिली वाटी गेली. पाचशे फुटांवर दुसरी. खुर्ची आता तीन वाट्या आणि दोन चाकांवर होती. शंभर फुटांना मी श्वास रोखला, आईने रोखला नाही. ती ट्यूबच्या तुकड्याचा वास घेऊन काहीतरी बोलत होती. चाकं टेकली. एकही उसळी नाही. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम लँडिंग.

"उतरलं!" मी ओरडलो.

"उतरलं ना? मग ऊठ आणि बाकीच्या तीन घासून दे."

मी घाईने उठलो. लेंग्याचा डावा खिसा थ्रॉटलच्या दांड्यात अडकला आणि माझ्याबरोबर दांडाही पार पुढे आला. मागे दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीनिशी गरजली आणि विमान धावपट्टी सोडून वायुसेनेच्या हद्दीत शिरलं. मी खिसा सोडवत होतो तेव्हा बाबांच्या खोलीची कडी निघाली. त्यांनी दारातून मान बाहेर काढून क्षणभर तो आवाज ऐकला.

"सूर काळी तीन," म्हणाले आणि दार लावून घेतलं.